मखमलीतली किताब

आमच्या कडेगावच्या घरात वरच्या फळीवर हिरव्या मखमलीत बांधलेली एक किताब होती. सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ती बांधली होती. आम्ही सगळे मराठी शाळेतले, उर्दू कुणालाच येत नाही. वडीलधाऱ्यांनी जपलेली, म्हणजे धर्माचीच असणार, असं धरून चाललो. दर जुम्म्याला, शुक्रवारी, मी तिला लोबानाचा धूर दाखवायचे. उघडायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

परवा माझ्या लेकीला, बिल्किसला, बघायला शिरवळहून पाहुणे आले. पोरीला सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळालेला. आधी शिक्षण, मग लग्न, म्हणून ती हटून बसली. माझे मालक दस्तगीर म्हणजे तापलेला तवा. त्यांनी सगळ्यांदेखत किताब खाली काढली.

"ठेव हात. शिक्षणाचं नाव काढणार न्हाई, अशी शपत घे."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपांकडे पाहिलं. आई म्हणवून घ्यायची लाज वाटावी, असं वागले मी.

नवऱ्यामुलाची आजी मूळची मिरजेची, उर्दू शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "आवं, बांधल्याली कशाला? शपत उघड्या किताबीवर घ्यावी." वजू करून, हातपाय-तोंड धुऊन आली आणि तिनं गाठ सोडली.

"ही किताब न्हवं," ती म्हणाली. "बायकांची मासिकं हायती."

इतकी वर्षं मी मासिकांना लोबान दाखवत होते! एका अंकात पान मुडपून ठेवलेलं होतं. आजी त्यावरचं एका बाईचं पत्र वाचून आम्हाला मराठीत सांगू लागली. "माझा निकाह झाला आन् शाळा सुटली. ह्या मासिकानं मला अक्षरं इसरू दिली न्हाईत. भणींनो, लग्नापायी लेकीची शाळा तोडू नका." मग तिचा आवाज उतरला. "खाली नाव हाय. खातूनबी आतार, कडेगाव."

खातूनबी म्हणजे माझ्या सासूबाई. आईचेच शब्द पुढ्यात ठेवून दस्तगीर पोरीची शाळा मोडायला निघाले होते. शरमेनं त्यांची मान वर होईना. माझीही होईना.

बिल्किसनं त्याच पानावर हात ठेवला. "आब्बा, आता घिऊ शपत?"

शेवटी मीच बोलले, मघाशी कपांकडे बघत गिळून टाकलेलं.

"घे. शिकीन म्हणून घे."