मी तापलो होतो, थकलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. 'जुना' हा शब्द मीच आधी उच्चारून टाकतो, म्हणजे तो टोचून म्हणायची संधी दुसऱ्या कुणाला उरत नाही. संगणकाची सगळी आकडेमोड ज्याच्यात चालते, तो मी. आकाराने चांदीचा वर्ख लावलेल्या बर्फीच्या वडीएवढा. डोक्यावर एक पंखा, बाजूला रॅम, खाली मदरबोर्ड. संगणकाच्या डब्यात एवढाच माझा संसार.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत, कारण धुळीचा एक कणही आम्हाला चालत नसे. हे तेवढे ध्यानात ठेवा. तिथून मी आलो छत्रपती संभाजीनगरला, बजाजनगरातल्या रूपालीच्या दोन खोल्यांच्या घरी. वाळूजच्या कारखान्यांना लागणाऱ्या साच्यांची ड्रॉइंगे ती घरी बसून करते. नऊ वर्षे झाली. एकही माप मी चुकवलेले नाही.

रूपालीच्या सासूबाई पारूबाई. त्यांना ऐकू फार कमी येते, पण दृष्टी मायेची. "ह्याच्यावर आपलं घर चालतं," असे म्हणून त्या मला हात जोडत. दसऱ्याला माझ्या डब्यावर झेंडू ठेवीत. या वर्षी तर त्यांनी नेमच धरला. रोज देवपूजा आटोपली की माझ्या डब्यावरही एक फूल, चिमूटभर अक्षता आणि शेजारी उदबत्ती. मला संकोच व्हायचा. मी काही देव नव्हे. पण प्रेमाला नको कसे म्हणावे?

दिवाळी सरली आणि मी रेंगाळू लागलो. पूर्वी अर्धा कप चहा पिऊन होईतो जे ड्रॉइंग उघडे, ते आता कप धुऊन पालथा घातला तरी उघडेना. पंखा खरखरू लागला.

"म्हातारा खोकायला लागला," रूपाली म्हणायची.

"काय म्हणतीस?" पारूबाई विचारायच्या. ती खरखर त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हती.

"काय नाय, आत्याबाई!"

कारखानदारांचे फोन येऊ लागले. ड्रॉइंग कधी मिळणार? शेवटी रूपाली शहागंजातल्या अभयच्या संगणकाच्या दुकानात जाऊन आली. पारूबाईंना काही सांगायचे म्हणजे ओरडून सांगावे लागते, म्हणून मलाही सगळे कळले.

"आत्याबाई! अभयनं माझं ड्रॉइंग नव्या प्रोसेसरवर उघडून दाखवलं! चाळीस सेकंदांत! आपल्याकडं चार मिनिटं लागतात!"

"मग घे की बाई."

"तो एकटा येत नाय हो! त्याला मदरबोर्ड नवा लागतो, रॅमपण बहुतेक नवी! मग तुमच्या कानाचं मशीन राहून जाईल!"

कानाच्या मशीनसाठी रूपालीने दोन वर्षे पैसे बाजूला ठेवले होते. दोन्ही गोष्टी होण्यासारख्या नव्हत्या.

पारूबाई हसल्या. "राहू दे. मला या वयात काय लई ऐकायचंय? तुझं काम थांबाया नको."

मित्रांनो, तेव्हा मी खरोखर संतापलो. नव्याचा मला राग नव्हता. त्याचे चाळीस सेकंद खरे होते आणि माझी चार मिनिटेही खरी होती. पण नऊ वर्षांत मी असा कधीच वागलो नव्हतो. मग दोन महिन्यांतच मला काय झाले, हे कुणीच विचारीत नव्हते. माझे वय तेवढे सगळ्यांना दिसत होते. आणि माझ्या नावावर एका माउलीचे ऐकणे राहून जाणार होते. हे मला मंजूर नव्हते.

जुनी रॅम नव्या बोर्डावर चालते का, हे पाहायला अभयने तिच्यावरचा नंबर मागितला होता. तो वाचायला रूपालीने माझ्या डब्याचे झाकण काढले.

"अगं बाई!"

डब्याच्या वरच्या जाळीतून पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या सुकून पंख्यात गच्च अडकल्या होत्या. पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटीफटीत अक्षता बसल्या होत्या, त्यावर उदबत्तीच्या राखेचा थर.

"एवढ्या अक्षता तर माझ्या लग्नात पडल्या नव्हत्या!" रूपालीला हसू आवरेना.

पारूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "माझ्याच हातानं झालं गं. मी फूल वाहत होते, अन् त्याचा जीव गुदमरत होता."

रूपालीने ब्रशने फट न् फट साफ केली. पंखा मोकळा फिरला आणि मी श्वास घेतला. ऐका, आम्ही प्रोसेसर नुसत्या वयाने मंदावत नाही. फार तापलो की जळून जाऊ नये म्हणून आपणच आपला वेग आवरतो. मी तापलो होतो, थकलो नव्हतो.

तिने तेच ड्रॉइंग घड्याळ लावून उघडले. पंचावन्न सेकंद! लगेच अभयला फोन लावला.

"तुमचा चाळीस, माझा पंचावन्न. आता काय करू?"

तो मनमोकळा हसला. "पंधरा सेकंदांसाठी एवढा खर्च मी नाय सांगणार, ताई. काम वाढलं, ड्रॉइंग मोठी झाली, की या. तोवर ब्रश जवळ ठेवा."

मी अमर नाही, मित्रांनो. स्वच्छ आणि थंड असूनही ज्या दिवशी रूपालीचे काम मला पेलणार नाही, त्या दिवशी मला खुशाल काढा. मी हूं की चूं करणार नाही. पण घड्याळ लावून काढा, नुसते वय मोजून नको. आणि कुणालाही निकामी ठरवण्याआधी त्याचे झाकण एकदा उघडून बघा. हात जोडता तसे फडकेही फिरवा.

पारूबाईंचा नेम मोडलेला नाही. आता त्या रोज सकाळी आधी कोरड्या फडक्याने माझी जाळी पुसतात. फूल समोर वाटीत असते.

कानाचे मशीन आले त्या दिवशी पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"रूपाली, हे भुंग्यावाणी काय वाजतंय गं?"

"तुमचा म्हातारा हाय, आत्याबाई."

त्यांनी डब्याला कान लावला. "लई गोड वाजतोय की! इतकी वर्षं बोलत होता व्हय हा?"

व्हय, पारूबाई. नऊ वर्षे.