अंगावर घोंगडं घेऊन खोटं बोलू नये

मनकर्णाबाईला राग आला की वस्तीवरची कुत्री भिंतीला घासून चालतात, कोंबड्या आलेलं अंडं पोटात परत घेतात आणि वाहतं वारंसुद्धा लांबून वळसा घालून जातं. यातलं वाऱ्याचं तेवढं तिच्या नवऱ्यानं, शहादेवनं, पदरचं घातलेलं आहे. बाकीचं खरं.

त्या रविवारी तिला सकाळपासूनच राग होता. आष्टीच्या पुढं रस्त्यालगतच्या गावात, सोसायटीच्या जुन्या गोदामात, तानाजी गुरुजींनी गावाचं संग्रहालय मांडलं होतं. मोटेचं चाक, जाती, हलग्या, माळावरच्या लांडग्याचा कुणीतरी आणून दिलेला दात. दर महिन्याला तिथं व्याख्यान व्हायचं. एकदा माळाच्या गवतावर झालं, एकदा हलगी कशी तापवतात त्यावर झालं. या खेपेला घोंगडीवर, आणि बोलणार होता शहादेव.

घोंगडी मनकर्णाची होती. कोकरांचं पहिलं जावळ तिनं मेंढरांमागं चालता चालता चातीवर कातलं होतं. सासऱ्यानं ते मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ पुन्हा तिनंच दिली. सासरा गेला, माग चुलीत गेला, घोंगडी राहिली. वस्तीवर भांडण लागलं की हीच अंथरायची. जो तिच्यावर बसेल, नाहीतर ती अंगावर घेईल, त्यानं खोटं बोलायचं नाही, अशी रीत. शहादेव या घोंगडीवर जन्मात कधी बसला नव्हता. कुणी बस म्हटलं की त्याच्या गुडघ्यात कळ यायची.

"टांगाया देते, पर तुमचं बोलून झालं की माघारी आणायची," तिनं बजावलं होतं. "अन् तितं नीट बोला. मेंढरानं लांडग्याला झाडावर चढवलं, असलं काय सांगू नका."

"चढवलं व्हतं," शहादेव म्हणाला.

व्याख्यानाला पाहुणे म्हणून तालुक्याचे पुढारी विजयसिंह दादा येणार होते. ते वेळेवर आले असते तर त्यांना पुढारी कोण म्हणालं असतं? मंडळी बसलेली, मंच रिकामा, आणि गुरुजींच्या हातून ती चूक झाली जी आपल्याकडं कुणाच्याही हातून होते. मंडळींना मोकळं कसं बसवायचं म्हणून त्यांनी सत्कार सुरू केले. सरपंचाचा झाला, माजी सरपंचाचा झाला, पुढच्या वेळेला जो होईल म्हणतात त्याचा झाला. मांडववाल्याचा झाला. माईकची वायर जोडायला आलेला पोरगा वाकला होता, तो सरळ व्हायच्या आत त्याच्या खांद्यावर शाल पडली. एवढ्यात दादा आले. त्यांच्या आधी त्यांची माणसं मंचावर चढली, मग त्या माणसांचाही झाला. ड्रायव्हरलाही सोडलं नाही.

शेवटी दादांच्या सत्काराला गुरुजींनी पेटीत हात घातला आणि त्यांचं तोंड करपलेल्या भाकरीसारखं झालं. नारळ होता, शाल नव्हती.

तेव्हा एका कार्यकर्त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली घोंगडी ओढली, झटकली आणि दादांच्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या. गुरुजींनीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

मनकर्णाच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली.

दादा माईकपाशी आले. "माती, माणसं, परंपरा," असं बरंच बोलून झाल्यावर म्हणाले, "या घोंगडीतली मायेची ऊब मी कायम माझ्याजवळ ठेवीन."

"ठेवीन म्हंजी?" मनकर्णानं शेजारच्या रतनबाईला विचारलं.

"म्हंजी गाडीत," रतनबाई म्हणाली.

मग शहादेवला बोलावलं. "दोन मिन्टात आवरा, शहादेवबा," गुरुजी कानाशी पुटपुटले. शहादेवनं दादांकडं बघितलं, दादांच्या माणसांकडं बघितलं, आणि ज्याच्या जिभेपुढं उभा लांडगा झाडावर चढत होता तो हात जोडून म्हणाला, "दादांच्या अंगावर आमचं घोंगडं! मेंढरांचं नशीब उजाडलं."

"आवं!" मनकर्णा उभी राहिली.

एवढंच. पण शहादेवनं तिचे डोळे बघितले. शेजारी दादा, समोर बायको. अशा अडचणीत तो नेहमी जिकडं पळतो तिकडंच पळाला.

"पर दादा, एक सांगायचं ऱ्हायलं. ज्या मेंढराची ही लोकर, त्याला खरूज व्हती. ते ज्या बाभळीला अंग घासायचं, ती बाभळ अजून खाजवतीय. खरूज आदी मान धरती, मग पाठ. मग कुठं कुठं, ते बायामान्सांत बोलवत न्हाई."

लोकर ती, अंगाला टोचणारच. दादांचा हात आपोआप मानेवर गेला. कार्यकर्ता मागं सरकला. दादांनी घोंगडीचं टोक हळूच खांद्यावरून सोडलं.

आलीच होती घोंगडी. मनकर्णानं नुसतं गप्प राहायचं होतं. पण खरूज? तिच्या लोकरीला? परळीच्या औष्णिक केंद्राची चिमणी तिच्या डोक्यात पेटली.

"थांबा! काढू नका!" ती मंचावर चढली. "खोटं हाय ह्ये. खरूजबिरूज काय न्हाई. ह्यात कोकराचं जावळ हाय अन् माझी बोटं हायत. खुशाल पांघरा."

"अगं, आलं व्हतं की हातात!" शहादेव कळवळला.

"गप बसा. माझं घोंगडं मला खोटं बोलून नको." ती दादांकडं वळली. "दादा, आमच्यात रीत हाय. ह्ये अंगावर असलं की खोटं बोलायचं न्हाई. एकच इचारते. ह्ये तुमचं हाय का?"

दादा मतं मागताना हसतात तसं हसले. "मावशी, प्रेमानं दिलेली भेट..."

"कुणी दिली? म्या न्हाई दिली. ह्यांनी न्हाई दिली. मग खिळ्यानं दिली का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मोबाइल वर झाले.

"मावशी, कार्यक्रमाला गालबोट नका लावू," गुरुजी हातातला नारळ सावरत म्हणाले.

"गुरुजी, संस्कृती जपाया बसलात ना तुमी? शाल सपली तर भिंतीवरून पयली तीच काढली! अन् वर टाळ्या! लांडग्याचा दात कावून न्हाई घातला दादांच्या गळ्यात?" मग पुन्हा दादांना, "हाय का न्हाई, येवढंच सांगा."

दादांनी वर झालेल्या मोबाइलांकडं बघितलं.

"नाही," दादा म्हणाले. माईक चालू होता.

घोंगडी त्यांनी खुर्चीवर टाकली आणि निघाले. मागोमाग निम्म्या खुर्च्या उठल्या. माईकवाला पोरगा शालीसकट गेला.

"मावशी, आता तरी शहादेवबांचं व्याख्यान..." गुरुजी म्हणाले.

"झालं की व्याख्यान," ती घोंगडीची घडी घालत म्हणाली. "खिळ्याला आता नारळ टांगा."

बस स्टँडच्या वाटेवर शहादेवच्या अंगात हळूहळू जीव आला. "बघितलंस का? दादा माझ्याच बोलण्यानं घाबरला. म्या त्येला सरळ म्हणलो..."

मनकर्णा लिंबाखाली थांबली. तिनं सावलीत घोंगडी अंथरली आणि चारी कोपरे नीट ओढले.

"बसा हितं. अन् मग सांगा, काय म्हणलात ते."

शहादेवनं घोंगडीकडं बघितलं. मग आभाळाकडं, मग रस्त्याकडं. एसटी आली, थांबली, गेली.

"गुडघ्यात कळ आलीय गं," तो म्हणाला, आणि उभाच राहिला.