पितळेचे बोल्ट

"हात लावू नकोस मोटरला!" भीमराव गरजले, आणि धरणाकाठच्या सोनबाच्या अंगणातल्या कोंबड्या कडब्याच्या गंजीवर चढून बसल्या.

भीमरावांचा राग म्हणजे काय, ते कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत विचारावं. एकदा ते रागाच्या भरात कात्रजवरून गेले, तर डेअरीतलं दूध टँकरमध्येच नासलं आणि सर्पोद्यानातले नाग फणा खाली घालून बसले. दुधाचं थोडं वाढवून सांगितलेलं असेल. नागांचं मात्र खरं आहे.

आजचा राग मुलीवर होता. दीपालीने केलं होतं एवढंच, की सोनबाकडे ठेवलेल्या त्यांच्या नावेच्या मागच्या फळीवरची मोटर धरून हलवून पाहिली. मोटर म्हाताऱ्याच्या दातासारखी डुलली. बोल्टांभोवतीच्या ॲल्युमिनियमचं पांढरं पीठ झालं होतं, भोकं बोट जाईल एवढी मोठी झाली होती. बोल्ट मात्र पितळेचे, नवरदेवासारखे चकाकत होते.

नाव भीमरावांनी स्वतः बांधलेली, फळीसकट सगळी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून. दर रविवारी धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसणं, एवढंच एक सुख त्यांनी स्वतःजवळ ठेवलं होतं. मग उजवा खांदा धरला. वल्हं मारणं संपलं. दीपालीने बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणून दिली, तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आणि मग कोणाला न विचारता मोटर स्वतःच बसवली. मोटर गेली की नाव गेली, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पप्पा, पाण्यात पडली असती. तुमच्यासकट."

"मोटर पडली असती. मी पडत नसतो."

"पितळ आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. नेटवर वाचलंय मी."

"नेटवर! खराडीत काचेच्या पेटीत बसून तू मला धातू शिकवणार? त्या काचेच्या खाली काय होतं, माहितीय?"

"तुमचं लेथ होतं."

तिला पाठ होतं. तिच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांनी व्याह्यांना ते सांगितलं होतं. बाहेरचा स्वस्त माल आला, कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. तरी कामगारांनी हजेरी लावून दिवसभर बसायचं. बाकीचे पत्ते कुटत, भीमराव मात्र उरलेल्या पितळेच्या सळ्यांचे बोल्ट कातत राहिले. कोणी मागितलेले नव्हते. यंत्र थांबलं की गंजतं, एवढंच ते म्हणायचे. शेवटच्या दिवशी ते बोल्ट डब्यात घालून गेटवर आले. वॉचमनने डबा उचलून पाहिला, म्हणाला, "आज भाजी जड दिसते, भीमराव," आणि सोडून दिलं. पुढे कारखाना पाडला, यंत्रं भंगारात गेली, त्या जागी दीपालीच्या ऑफिसची काच उभी राहिली. उरले ते एवढे बोल्ट.

"पोरगी खरं बोलतीया," सोनबा कोंबड्यांकडे बघत म्हणाला. "फळी पार सडलीया. देऊन टाका मला. खुराडं चांगलं हुईल."

"तुझ्या खुराड्याला आग लागो!"

"नीट बसवणार नसाल तर मी बॅटरी घेऊन जाते," दीपालीही आता तापली. बापाचीच लेक ती. "मग मारा वल्ही."

भीमरावांनी तिच्यावर उगारायला हात वर नेला. तो छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सोनबा घाईघाईने कोंबड्या हाकायला लागला.

दुसऱ्या दिवशी बापलेक बोहरी आळीत बद्रीनाथच्या हार्डवेअरच्या दुकानात उभे होते.

"बोल्ट हवेत," भीमराव म्हणाले.

"मग बरोबर आलात. साड्या समोर मिळतात."

भीमरावांना जोडीदार भेटला. त्यांनी एकेक बोल्ट उजेडात धरला, आटे नखाने तपासले, अर्धे परत फेकले.

"आजोबा, नाव जोडताय की सोयरीक?"

"सोयरीक मोडता येते. मधल्या पाण्यात नाव मोडली तर तू येणार आहेस का?"

शेवटी ठरलं. स्टेनलेसचे बोल्ट; मोटरच्या थरथरीने सुटू नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेले नट; पातळ पत्र्यावर एका जागी ताण येऊ नये म्हणून वायसरच्या रुंद चकत्या. वर भीमरावांनी नायलॉनच्या नळ्या आणि रबराचा तुकडा मागितला.

"हे कशाला?" दीपालीने विचारलं.

"स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियमला भिडू द्यायचं नाही. मध्ये काहीतरी हवं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"टर्नर होतो मी. भजी तळत नव्हतो."

"मग पितळेचे का लावलेत?"

भीमरावांनी रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याला विनाकारण इतकं झापलं, की तो बिचारा मीटरने यायला तयार झाला. पुण्यात हे आजवर घडलेलं नाही.

रविवारी सडका भाग कापून जाड पत्र्याचा तुकडा ठोकला, भोकं नवी पाडली. पाना भीमरावांच्या डाव्या हातात, पलीकडून बोल्टाचं डोकं दीपालीने धरलेलं.

"घट्ट धर. फिरू देऊ नकोस."

"धरलंय."

"धरलंय म्हणे. कॉम्प्युटर आहे का तो?"

शेवटचा नट बसला. भीमरावांनी मोटर हलवली. नाव हलली, सोनबा हलला, मोटर हलली नाही. "ठीक आहे," ते खेकसले. यापेक्षा मोठी शाबासकी दीपालीला दहावीलाही मिळाली नव्हती.

पाण्यात मोटर डासासारखी गुणगुणत निघाली. नाव सुरेख सरळ चालली होती, त्याचाही भीमरावांना राग आला. मध्यावर त्यांनी मोटर बंद केली, डब्यातून पितळेचा एक बोल्ट काढला आणि शिशाच्या वजनाऐवजी गळाच्या दोरीला बांधला. दोरी सुळकन खाली गेली.

बऱ्याच वेळाने ओढली तर येईना. तळाला कुठेतरी अडकली होती.

"जोरात ओढा ना, पप्पा. थांबा, मी ओढते."

भीमरावांनी तिचा हात बाजूला केला. खिशातला चाकू काढला आणि दोरी कापली.

"अहो, बोल्ट गेला तुमचा!"

"राहू दे. तिथे तो कुणाला खात नाही."

ते पहिल्यांदाच हळू बोलले होते. दीपालीने मोटर सुरू केली, नाव काठाकडे वळवली. भीमराव तिच्याकडे पाठ करून उरलेली दोरी गुंडाळत बसले. दोरी हाताला अगदीच हलकी लागत होती.