भिवंडीमार्गे समोरच्या गाळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. कधीकाळी मी निळी होते. आता माझा रंग नेमका कोणता, ते मलाही सांगता येणार नाही. अंगावर ठिगळे आहेत, कडेच्या पितळी कड्या निम्म्याहून जास्त गळून गेल्या आहेत. मला पाहून तुम्हाला कीव येईल, पण ती वाया घालवू नका. मी ज्यांचा माल आयुष्यभर झाकला, त्या मोठ्या माणसांसाठी ती राखून ठेवा. त्यांना तिची जास्त गरज आहे.

माझा जन्म कल्याणच्या बाजाराजवळ एका शिलाईच्या दुकानात झाला. शिंप्याने माझ्या कडा दुमडल्या, आत दोरी घातली आणि शहाडच्या रतनने मला विकत घेतले. रतनचा छोटा टेम्पो आहे. सुरुवातीला मी कांदा-लसणाच्या गोण्यांवर आणि झेंडूच्या करंड्यांवर पसरत असे. ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा आणि खालचा माल सुका ठेवायचा, एवढेच माझे काम. बाजारातले व्यापारी रतनला म्हणत, तुझी ताडपत्री भारी आहे हो. तेव्हा मी खरोखर फुलून जात असे. मला वाटे, जगात ताडपत्री फक्त पावसासाठी असते. मी तेव्हा नवी होते आणि अडाणीही होते.

पुढे रतनला डोंबिवलीच्या एमआयडीसीत काम मिळाले. तिथे पत्र्याच्या छपरांचे गाळे एकाला एक चिकटून आहेत आणि प्रत्येक गाळ्यात काही ना काही बनते. पहिल्याच दिवशी, भर मे महिन्यात, आभाळ कोरडे ठणठणीत असताना मला मालावर घट्ट बांधण्यात आले. मला वाटले, ही माणसे फार दूरदर्शी असावीत. हळूहळू कळले की इथे मला पावसासाठी ठेवलेले नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठी ठेवले आहे. शेजाऱ्याला माल दिसला तर तो गिऱ्हाईक पळवील, अशी प्रत्येकाची खात्री. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ही मंडळी एकमेकांना शहाण्यासारखे सांगतात. मी त्या मुठी आतून पाहिल्या आहेत. बहुतेकांत चार शेंगदाणेही नव्हते.

एका अरुंद गल्लीत दोन गाळे समोरासमोर आहेत. उजवीकडचा महिपतशेठचा. हा चिपळूणकडचा माणूस, कष्टाने वर आलेला. तो काळे रबरी बूट बनवतो. पायात घालायचे नव्हेत, काठीच्या आणि वॉकरच्या टोकाला बसवायचे. वॉकर तुम्ही पाहिला असेलच. आजारातून उठलेली माणसे जी चार पायांची चौकट पुढे टेकवत चालतात, तो. डावीकडचा गाळा मैथिली कारखानीसचा. ती शिकलेली इंजिनिअर, वडिलांचा धंदा तिने हाती घेतला. ती काय बनवते? वॉकर.

आता तुमच्यातला चौथीतला मुलगासुद्धा सांगेल की बूट उजवीकडून डावीकडे जायला हवेत. पण मोठी माणसे चौथी कधीच विसरून गेलेली असतात. महिपतशेठचे बूट गोण्यांत भरले जात, मला वरून बांधले जाई आणि रतनचा टेम्पो कल्याण ओलांडून, दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीला काळुरामच्या गोदामात जाई. काळुराम हा मधला व्यापारी. तो महिपतशेठला सांगे, तुझा माल इंदूरला जातो. मग तोच माल तो नव्या गोण्यांत भरी, आठवड्याभराने त्याच टेम्पोत चढवी आणि मैथिलीला सांगे, हा खास गुजरातहून मागवलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर दोन तालुक्यांना वळसा होता, आणि जाताना-येताना त्या कळशावर मीच पसरलेली असे.

ही गोष्ट दोघांना वर्षानुवर्षे कशी कळली नाही, असे तुम्ही विचाराल. दोघांचीही शटरे अर्धी खाली असत. पाट्यांवर फक्त नावे, धंदा लिहिलेला नाही. महिपतशेठला वाटे, समोर पाईपचे काहीतरी काम चालते. मैथिलीला वाटे, समोर टायरचे काहीतरी असावे, कारण वास रबराचा येई. रतनला सगळे ठाऊक होते. पण त्याच्या फेऱ्या दुप्पट होत होत्या, त्यामुळे त्याने तोंडाला कुलूप लावले होते.

एकदा उद्योजकांच्या मंडळाने मेळावा भरवला. मांडवाचे कापड कमी पडले म्हणून मला वर ताणले. विषय होता, पुरवठा साखळी आणि परस्पर सहकार्य. सुटातले वक्ते तळमळीने बोलले. आपल्याला काय हवे आणि आपल्याकडे काय आहे, हे एकमेकांना मोकळेपणाने सांगा, मग साखळी आपोआप मजबूत होईल, असे ते म्हणाले. महिपतशेठने जोरात टाळ्या वाजवल्या. मैथिलीने मान डोलावून वहीत लिहून घेतले. मग वक्त्यांनी सगळ्यांना सांगितले की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला आपण काय बनवतो ते सांगा. ही दोघे योगायोगाने शेजारीच बसली होती. महिपतशेठ म्हणाला, रबराचं असंच थोडंफार. मैथिली म्हणाली, जॉबवर्क. दोघांनी एकमेकांकडे पाहून गोड हसून समोसे खाल्ले. त्या दिवशी मी वरून कोसळले नाही, याला केवळ दोऱ्या कारणीभूत होत्या.

तरी हा सारा मूर्खपणा मी हसून सोडून दिला असता. पण पुढे त्याची किंमत एका बाईने भोगली.

महिपतशेठच्या बायकोचे नाव सगुणा. तिचे गुडघे पार झिजले होते. एका धर्मादाय संस्थेने ठाण्याला वर्तकनगरच्या एका इस्पितळात गुडघ्यांच्या ऑपरेशनचे शिबिर ठेवले, त्यात तिचे नाव लागले. प्रत्येक पेशंटला संस्था वॉकरही देणार होती. त्या वॉकरची ऑर्डर कोणाकडे होती, ते तुम्ही ओळखले असेलच.

मैथिलीने बूट मागवताना गरजेच्या दुप्पट सांगितले, कारण काळुराम नेहमी निम्मेच पाठवतो. तारीखही आठ दिवस अलीकडची सांगितली, कारण तो नेहमी उशीर करतो. काळुरामने त्यावर आपले चार चढवले आणि महिपतशेठला लागोपाठ फोन केले. महिपतशेठने विचार केला, एवढी घाई आहे म्हणजे बाजारात टंचाई असणार. मग त्याने माल दाबून ठेवला. गोण्या मागच्या भिंतीला लावल्या आणि काळुरामला कळवले की कच्चा माल आलेला नाही. प्रत्येकाने थोडेसेच खोटे सांगितले होते आणि प्रत्येकाला आपण फार धूर्त आहोत असे वाटत होते.

ऑपरेशने झाली, वॉकर आले नाहीत. इस्पितळात एकच जुना वॉकर होता. तो पाळीपाळीने सगळ्यांना मिळे. सगुणाच्या वाट्याला सकाळची काही मिनिटे येत, बाकी दिवस ती पलंगावर पडून. डॉक्टर बजावत होते की नियमित चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल आणि ऑपरेशन केले न केले सारखेच होईल. मुलगा म्हणाला, बाबा, दुकानातून एक विकत आणू. महिपतशेठ म्हणाला, फुकट मिळणारी वस्तू विकत घ्यायला मी काय खुळा आहे? मित्रांनो, हा माणूस दुष्ट नव्हता. रोज रतनच्या टेम्पोत बसून तो बायकोसाठी पेज घेऊन जाई आणि वाटेत डोळे पुसत असे. डोळे पुसायचा, पण गोण्या हलवायचा नाही. अशा माणसाला काय म्हणतात, तो शब्द माझ्याजवळ नाही.

शेवटी एके दुपारी त्याचा संयम सुटला. इस्पितळाच्या कारकुनाकडून त्याने वॉकर बनवणाऱ्याचा पत्ता घेतला आणि रागाने लाल होऊन टेम्पोत बसला. रतनला पत्ता वाचून दाखवला. म्हणाला, त्याला आज धरूनच हलवतो. रतनने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि गाडी सुरू केली. शिळफाटा आला, डोंबिवली आली. टेम्पो महिपतशेठच्याच दारात येऊन थांबला.

"अरे, इथं काय थांबवलंस? आधी त्या पत्त्यावर घे."

"हाच तो पत्ता, शेठ," रतन म्हणाला. "उजवीकडचं तुमचं, डावीकडचं त्यांचं."

महिपतशेठने हातातला पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग हळू आवाजात विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"मला कोणी विचारलं नाही."

महिपतशेठ अर्ध्या शटरखालून वाकून आत गेला. मी टेम्पोतून पाहत होते. आत वॉकरच्या रांगा उभ्या होत्या, चकचकीत आणि अनवाणी. मैथिली बिचारी हात जोडून सांगू लागली की काका, सगळं तयार आहे, फक्त रबरी बूट अडकलेत, गुजरातहून येतात ना. नमुना म्हणून तिने एक जुना बूट त्याच्या हातावर ठेवला. तो त्याच्याच साच्यातला होता.

मित्रांनो, आता तो खरे बोलेल असे तुम्हाला वाटले असेल. मलाही वाटले होते. इतकी वर्षे या माणसांच्या मालावर पसरूनही मी शहाणी झाले नाही.

"भिवंडीत माझी ओळख आहे," महिपतशेठ म्हणाला. "तासाभरात माल आणून देतो."

आणि त्याने काय केले, ऐका. टेम्पो आपल्या गाळ्याच्या मागच्या दाराला लावला. गोण्या चढवल्या. मला त्यांच्यावर स्वतःच्या हाताने घट्ट बांधले. मग नाक्यावर चहाच्या टपरीजवळ टेम्पो उभा करून तासभर बसून राहिला. रतनने दोन चहा घेतले, त्याने तीन. बायको पलंगावर पडलेली, वॉकर अनवाणी, बूट टेम्पोत, आणि हा मनुष्य भिवंडीला जाऊन आल्याचे नाटक पुरे करत बसलेला. एवढी लाज मला फाटलेल्या अवस्थेतही कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी बूट बसवून वॉकर वर्तकनगरला पोचले. मैथिली स्वतः बरोबर आली. इस्पितळाच्या तळमजल्यावरच पेशंट होते, दार उघडे होते, टेम्पो पायरीला लागला होता. महिपतशेठने पहिला वॉकर उतरवून बायकोपुढे ठेवला. सगुणा ओठ घट्ट दाबून उभी राहिली, एक एक पाऊल टाकत दारापर्यंत आली. तिथे थांबून तिने खाली पाहिले. या बाईने लग्नानंतरची कित्येक वर्षे गाळ्यात बसून त्या बुटांच्या कडा कात्रीने कातरल्या होत्या. तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"अहो, हे आपले बूट."

"भिवंडीहून आणलेत," तो पुटपुटला.

"मी काय ओळखत नाही?" सगुणा म्हणाली. "आपल्याकडेच होते, तर मग मी इतके दिवस कुणासाठी पडून होते?"

मैथिलीने एकदा बुटांकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, मग बाहेर माझ्याकडे. तिची मानही खाली गेली. दुप्पट मागणी आणि खोटी तारीख तिचीच होती. सगुणा वळली आणि कोणाचाही हात न धरता पलंगाकडे परत गेली. तिचा डावा गुडघा पुरता वाकत नव्हता. तो पुढेही कधी पुरता वाकला नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी ती गाळ्यावर आली. नव्या बुटांची एक पिशवी तिने वॉकरच्या दांडीला अडकवली आणि भर उन्हात, सगळ्या गल्लीदेखत, पाय ओढत समोरच्या गाळ्याकडे निघाली. मैथिलीने शटर पूर्ण वर केले. आजूबाजूच्या गाळ्यांतली डोकी बाहेर आली. मी टेम्पोत घडी होऊन पडले होते, मला कोणी बोलावले नाही. महिपतशेठ आपल्या दारात उभा होता. बायको अर्ध्या गल्लीत पोचली तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, निदान पिशवीचं तोंड तरी बांध." तिने मागे वळूनही पाहिले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखीची निगा राखणे सोपे आहे. ओली असताना मला गुंडाळू नका, सावलीत वाळवा, फाटले तर वेळेवर ठिगळ लावा. पावसात हवे तितके राबवून घ्या, मी तक्रार करणार नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचेही गाळे होतील, समोर कोणीतरी शेजारी असेल. त्याच्यापासून माल लपवायला मला बाहेर काढू नका. ते काम इतके हलके आहे की मी ताडपत्री असूनही मला त्याची किळस येते.