उसवलेलं छत

"भेग कुठंय?" तपासणीला आलेल्या बाईंनी टॉर्च छतावर फिरवत विचारलं.

रफूवालीनं वर पाहिलं. सासूबाईंच्या खाटेवरचं छत कसं गुळगुळीत, पांढरंशुभ्र दिसत होतं. वरच्या टाकीचं पाणी तिथं वर्षानुवर्षं झिरपत होतं, आणि ते आता या घरातल्या दोन बायकांखेरीज कुणालाही पटलं नसतं.

"मी काय म्हणत होतो?" घरमालक दारातूनच म्हणाला. "अकरा वर्षांत वहिनींची एक तक्रार नाही. आताच कुणीतरी कान भरलेत."

तक्रार कशी असणार? ज्या बाईच्या हातून गेलेल्या कोटाचं भोक खुद्द कोटवाल्याला सापडत नाही, तिच्या घरात भोक राहील होय? गेल्या आठवड्यात छताची तळहाताएवढी ढलपी सासूबाईंच्या उशीवर पडली. म्हातारी तेवढ्यापुरती उठून बसली होती म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी रफूवालीनं नगरपालिकेत अर्ज दिला. आणि दुसऱ्या दिवशी, सरकारी बाई घरी येणार आणि आपलं छत असं, या लाजेनं स्टुलावर चढून ती जागा दरवेळेसारखी स्वतःच भरून टाकली! सरस लावून कापड, वर पुट्टी, वर रंग. शहाणपण म्हणायचं की खुळेपण, तुम्हीच ठरवा.

"हे बघा," तपासणीवाल्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "धोका दिसला तर मालकांना सात दिवसांत काम सुरू करावं लागेल, आणि खोली तुमचीच राहील. पण मला दिसलं तरच मी लिहिणार. नाहीतर अर्ज इथंच निकाली."

"मी कुठं नाही म्हणतोय?" मालकाचा आवाज मधात बुडवल्यासारखा झाला. "खोली रिकामी करून द्या, सगळं नवं करतो. मग बघू पुढचं."

ते "मग बघू" रफूवालीला चांगलं माहीत होतं. शेजारच्या खोलीतल्या शिक्षिका असंच "मग बघू"वर बाहेर पडल्या होत्या. त्यांच्या खोलीत आता मालकाच्या मेव्हण्याचं गोदाम आहे. पाय अधू झालेल्या म्हातारीला घेऊन ही कुठं जाणार होती?

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"थांबा," रफूवाली म्हणाली. "जरा खाट सरकवायला हात लावता? आई, घट्ट धरा."

"अगं, काय करतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"उसवते."

खाट भिंतीला लागली तशी ती स्टुलावर चढली. हातात कात्री. तीस वर्षांच्या धंद्यात स्वतःचं काम तिनं कधी उसवलं नव्हतं. तिनं रंगाखालची कड बोटानं चाचपली, कात्रीचं टोक घातलं आणि सर्रकन ओढलं. आधी नव्या चादरीचा तुकडा आला. मग जुन्या परकराचा. मग पडद्याचा. एकेका थराबरोबर पुट्टीचे पापुद्रे गळत होते, आणि शेवटी अर्धी पाटी ओला गिलावा धाडकन जमिनीवर आला. वर गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडल्या.

"बघा, बघा! तुमच्यासमोर तोडलं हिनं!" मालक ओरडला. "माझ्या इमारतीचं नुकसान! हिलाच नोटीस द्या!"

"तोडलं नाही," स्टुलावरूनच ती म्हणाली. "तुमचं काम मी इतकी वर्षं फुकट करत होते. ते आजपासून बंद."

"हे महिन्याभरातलं आहे! हिनंच पाणी सोडलं असणार!"

बाईंनी सळईला बोट लावलं. गंजाचा पापुद्रा हातात आला. "महिन्याभराचं वाटत नाही. पण किती जुनं, ते मला लिहावं लागेल."

सगळ्यात आतला तुकडा अजून लोंबत होता. रफूवालीनं तो हलकेच सोडवला. निळं जाड कापड, खिशासकट. खिशावर कारखान्याचं नाव आणि गणवेश दिला ते साल मशीनवर भरलेलं होतं. तो घेऊन ती खाली उतरली.

"नऊ वर्षं," बाईंनी साल वाचलं. "कुणाचा हा?"

"यांचा. पहिला थर त्यांनीच लावला होता. मी म्हणत होते, मालकांना सांगू या. ते म्हणाले, कशाला उगाच त्रास द्यायचा त्यांना." नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याचा म्हणावा असा दुसरा कपडा घरात उरला नव्हता.

बाईंनी तिथंच खाटेच्या कडेला बसून लिहिलं: धोका तातडीचा, काम सात दिवसांत सुरू करणे, तोवर भाडेकरूंची सोय मालकाने खालच्या रिकाम्या खोलीत करणे.

"आणखी एक लिहा," रफूवाली म्हणाली. "या खोलीचं कुलूप माझं. किल्ली माझ्याकडं. कामाला माणसं आली की मी उघडून देईन."

बाईंनी तेही लिहिलं. मालकानं सही केली, पेन जवळजवळ फेकलंच.

"हा कपडा मात्र फाइलला लावावा लागेल," बाई जरा संकोचून म्हणाल्या. "परत मिळेलच, असं सांगता येत नाही."

रफूवालीनं सासूबाईंकडं पाहिलं. म्हातारीनं हात पुढं केला, कपडा मांडीवर घेतला, त्यावरची पुट्टी नखानं खरवडून काढली, नीट घडी घातली.

"घेऊन जा," ती म्हणाली. "जिवंतपणी माझ्या लेकानं कुणापुढं तोंड उघडलं नाही. आता तरी बोलू दे त्याला."

बाईंनी घडी पाकिटात सरकवली आणि वर खोलीचा नंबर लिहिला.