रत्नाएवढी गोणी

आमच्या ह्यांनी अंगणात पाणबुडी बांधायला घेतली तेव्हा शेजारच्या रंभाबाईंनी मला विचारलं, "कावून वो, भिलाईत समुद्र येऊन राहिला का?" मी तरी काय सांगणार? जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम आणि धूळ. हे, म्हणजे देवीदास, कारखान्यात नकाशे काढायचे. कारखान्याच्या वसाहतीतला आमचा सगळा सेक्टर पोलादाची भट्टी कधी पेटते याची वाट पाहत होता, आणि आमच्याकडे भंगारातल्या मोठ्या पाइपाला झाकणं आणि काचेची खिडकी जोडणं चाललं होतं. तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी तोंडावर म्हणायची. हे हसायचे.

खूळ ह्यांचं, पण हट्ट रत्नाचा. नऊ वर्षांची आमची रत्नमाला, एकुलती एक, उन्हाळ्यापासून येत्या-जात्या तापाने बहुतेक वेळ खाटेवरच असायची. घरामागे पायाभरणीसाठी मुरूम काढून सोडलेली खदान होती. ती पावसाने भरली, तसं खाटेवरूनच तिने विचारलं, "बाबा, त्या पान्यात खाली काय हाय?" दुसरा कोणी म्हणाला असता, चिखल आहे, झोप. हे म्हणाले, "आपुन पाहून येऊ."

डॉक्टरांनी तिच्यादेखत बजावलं होतं, दर आठवड्याला वजन करून पाहा. वजन टिकलं तर औषध घरीच चालू ठेवू, उतरलं तर नागपूरला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल.

पाणबुडीची विद्या ह्यांनी मला बादलीत तांब्या सोडून शिकवली. रिकामा तांब्या तरंगतो. त्यात मूठमूठ तूरडाळ टाकत गेलं की तो खाली बसत जातो, आणि एक वेळ अशी येते की नुसता काठ पाण्यावर उरतो. "आता चमचाभर पानी आत घेतलं का बुडते, बाहेर काढलं का वर येते," हे म्हणाले. "म्हनून पान्याच्या टाक्या लहान ठेवल्या. बाकी सारं वजन आधीच बरोबर पायजे. नावेचं, लोखंडाचं, माहं, रत्नाचं." माझी डाळ भिजली. तिचं वरण केलं.

वजनासाठी दुर्ग स्टेशन होतं. ह्यांचे चुलतभाऊ शेषराव तिथे पार्सलबाबू. दर रविवारी हे रत्नाला सायकलवर बसवून न्यायचे आणि पार्सलच्या काट्यावर उभी करायचे. पहिल्या रविवारी ती चोवीस शेर भरली. नाव आधी रत्नाशिवाय तपासायची म्हणून मी जुन्या लुगड्याची गोणी शिवली आणि ह्यांनी तेवढ्याच वजनाची वाळू तिच्यात भरली. रत्नाने कोळशाने तिला डोळे काढले, कुंकू लावलं आणि नाव ठेवलं धाकटी.

नंतरच्या दर रविवारी चोवीसच. कधी वर थोडं. "पोरगी टस से मस नाही!" शेषराव भाऊजी खूश व्हायचे. मी मात्र तिला न्हाऊ घालायची. हाताला बरगड्या लागायच्या, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मी म्हणायची, "अहो, पोरगी वाळून राहिली." हे म्हणायचे, "काटा खरा का तुहा हात?" मलाही काटाच खरा हवा होता. कोणत्या आईला नको असेल?

दिवाळीनंतर ह्यांनी धाकटीला शेजारी बसवून खदानीत बुडी मारली. नाव सरळ खाली गेली, हातपंपाने टाक्या उपसल्यावर सरळ वर आली. आता रत्नाची पाळी.

त्या सकाळी मी तिच्यासाठी नवा परकर-पोलका काढला. तिला जुना फ्रॉकच हवा होता. रडली, हातपाय आपटले. "माशांना काय विटका फ्रॉक दाखवतेस?" म्हणून मी परकर चढवलाच. तिचं तोंड एवढंसं झालं.

खदानीच्या काठी नारळ फोडला. दोघं आत बसले, झाकण लागलं. नावेला बांधलेला दोर मी आणि भाऊजींनी धरला. टाक्यांत पाणी शिरलं, बुडबुडे आले आणि थांबले. झाकण मात्र पाण्यावरच हलत राहिलं. भाऊजींनी नाव काठाशी ओढली. ह्यांनी झाकण उघडून टाक्या ठोकून पाहिल्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

"गोनी घेऊन तं बराबर गेली होती," हे पुटपुटले. "तेच लोखंड, तेच वजन..."

"बाबा," आतून रत्ना म्हणाली, "माह्या जुन्या फ्राकात नटं हायेत. ते आना ना, मंग जाईन खाली."

अंगणात नट-बोल्टांचा ढीग पडलेलाच असायचा. त्यातले नट ती दर रविवारी खिशात आणि कमरेच्या पिशवीत भरून काट्यावर उभी राहत होती.

"कावून बेटा?" ह्यांनी विचारलं.

"वजन उतरलं असतं तं तुमी मले नागपूरले धाडलं असतं. मंग नावेत कोन बसलं असतं?"

जास्तीच्या लोखंडी पट्ट्या काठावर होत्या. भाऊजी एकेक देत गेले, हे तिच्या पायाशी ठेवत गेले. एक ठेवली. नाव खाली बसेना. आणखी एक. आणखी एक. प्रत्येक पट्टी म्हणजे माझ्या लेकरातून गेलेलं लेकरू होतं. ही नाव बुडू नये म्हणून मी इतके दिवस देवापुढे हात जोडत होते. त्या दिवशी उभ्या उभ्या म्हणत होते, बुडव रे बाबा, बुडव, आता आणखी पट्टी नको.

शेवटी झाकणाचा काठ तेवढा वर उरला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. उद्या नागपूर, हे दोघांनाही कळलं होतं. मी म्हटलं, "दाखवून आणा तिला."

थोड्या वेळाने ती वर आली ती ओरडतच. "आई, नुसता चिखल हाय वो! पन उजेड हिरवा हाय, सारा हिरवा!"

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. संक्रांतीचा तीळगूळ तिने दवाखान्यात वाटला. होळीला ती नव्हती.

ह्यांनी नाव तोडून भंगारात घातली. धाकटीला मात्र मी हात लावू दिला नाही. कोळशाचे डोळे पुसट झालेत, पण वजन उतरलेलं नाही. दुपारी हे कामावर गेले की मी दार लोटते आणि तिला ओढून मांडीवर घेते. थोड्या वेळाने पायाला मुंग्या येतात. रत्ना मांडीवर झोपून गेली की यायच्या, तशाच. मी पाय हलवत नाही.