जांगड नेलेली लुगडी

"शिमगा झाला की माणसानं तोंड दाखवावं. रीत हाय ती." कमळाने वरच्या फळीवरून लुगड्यांचा गठ्ठा ओढला आणि काउंटरवर असा आपटला, जणू येसूच हातात सापडली होती. "माल न्यायला बरी दिवाळीची आठवण ऱ्हाते. हिशोबाच्या वेळी मात्र डोंगरात जाऊन बसायचं. ना निरोप, ना फोन. लाज कशी वाटत न्हाय बाईला!"

"आजी, तू कर ना फोन."

"मी? माल माझा, आन फोनपण माझाच?"

पूर्वी हसली आणि गठ्ठा मोजू लागली. कमळाच्या मुलाची, दीपेशची, ही मुलगी ठाण्याला एका ऑफिसात सीए व्हायचे शिकत होती. मार्चअखेर म्हणून ती दुकानातला माल लिहून घ्यायला आली होती. आली म्हणजे बापाने पाठवली होती.

येसू गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहायची. दिवाळी सरली की ती भिवंडीत नारपोलीच्या या दुकानात यायची, लुगड्यांचे गाठोडे बांधून न्यायची आणि पाड्यापाड्यांवर फिरून विकायची. विकेल त्याचे पैसे, न विकेल तो माल परत, हिशेब शिमग्यानंतर. याला दुकानात जांगड म्हणत. माल दुसऱ्याच्या घरी, पण मालकी आपलीच. कमळाचा नवरा होता तेव्हापासून हे चाललेले. त्यात कधी एका पदराची चूक झाली नव्हती.

हिशेब घटकाभराचा असायचा. येसू मात्र दुपारभर बसायची. कमळा तिला बोल लावायची, भाव पाडून विकतेस म्हणायची, दोन वेळा चहा पाजायची आणि जाताना परत बोल लावायची. आता घरात रागवायलाही कुणी हाताशी नसे. नव्या बंगल्यात प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येक दार बंद, आत एसी. ज्याला बोलावे त्याच्या कानात काहीतरी खुपसलेले. म्हणून कमळा सकाळीच दुकानात येऊन बसायची. मागच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालायचे आणि त्या धडधडीने काउंटरची काच थरथरायची. निदान काहीतरी बोलत असल्यासारखे वाटायचे.

दीपेश वाईट नव्हता. वाईट असता तर सोपे झाले असते. चार शिव्या घालून मोकळे होता आले असते. भाताच्या शेतावर त्याने गोदामे उभी केली, भाड्यावर घर राजासारखे चालवले. दुकानाचा गाळा आता एक पार्सलवाला मागत होता. संक्रांतीला आईच्या हातावर तिळगूळ ठेवून तो म्हणाला होता, "आये, तुझ्या मनाविरुद्ध न्हाय करणार. पण मार्चला नफा दिसला तर दुकान. तोटा दिसला तर शटर. कबूल?"

कमळा तोऱ्यात कबूल म्हणाली होती. माल भरलेल्या दुकानात तोटा कसा दिसेल?

"आजी, या चिठ्ठ्यांवरचा भाव कुणी टाकला?"

"मी. दर लक्ष्मीपूजनाला बदलते."

"जुन्या मालाच्याही?"

"मग? सूत महागलं, मजुरी महागली. लुगड्यानं काय पाप केलंय?"

पूर्वीने एक लुगडे उलटेसुलटे करून पाहिले. फळीवर बसल्या बसल्या ते शेजारच्या नव्या लुगड्यापेक्षा महाग झाले होते.

"हा तुझ्या मनातला भाव आहे. मला घेतलेला भाव पाहिजे. नाहीतर आज बाजारात जो मिळेल तो. दोन्हीतला कमी असेल तो लिहायचा."

"कमीच का? जास्त का न्हाय?"

"जो फायदा अजून झालेला नाही, तो आधीच मोजायचा नाही. म्हणून."

 कमळाला ते पटले, आणि पटले म्हणूनच राग आला.

पूर्वीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वर्षाच्या सुरुवातीला होता तो माल, त्यात वर्षभरात घेतलेला मिळवायचा, त्यातून आज उरलेला वजा करायचा. मागे राहील ती विकल्या मालाची किंमत. म्हणजे उरलेला माल जितका जास्त, तितका विकल्या मालाचा खर्च कमी आणि नफा जास्त.

"म्हंजे विकलं न्हाय तर नफा?" कमळा म्हणाली. "असल्या शाळेला तुझा बाप पैसे भरतो?"

"आजी, ऐक ना. आत्ता थोडासा तोटा दिसतोय. पण येसूआजीकडचं गाठोडं धरलं, तर नफ्यात येतंय."

कमळाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. आकडे तिला तसेही दिसत नव्हते.

"मग धर की. माल माझाच हाय."

"आहे का, ते बघायला हवं. विकला असेल तर तिचे पैसे येणे दाखवू. पण उंदरांनी खाल्ला असेल तर? बघितल्याशिवाय मी नाही लिहिणार."

"उठ मग," कमळा म्हणाली. "गाडी काढ. आज तिला तिच्या दारात जाऊन इचारते."

गाडीत ती मागे बसली, पूर्वीला ड्रायव्हर करून. वाड्याच्या रस्त्याला ट्रकांमागे ट्रक लागले होते. अंबाडीपर्यंत ती येसूला काय काय सुनवायचे ते जुळवत राहिली आणि पूर्वी "हो ना, हो ना" करत राहिली. वज्रेश्वरी मागे पडली तशी कमळाची बडबड थांबली. शेतांत भाताची धसकटे उरली होती. या रस्त्याने ती कधी आलीच नव्हती. इतक्या वर्षांत येसूच आली होती, दर वेळी, डोक्यावर गाठोडे घेऊन.

पाड्यावर पहिल्याच अंगणात एक म्हातारी वाकून मोहाची फुले वाळत घालत होती. अंगात मोठमोठ्या जांभळ्या फुलांची मॅक्सी.

"ए बाय," कमळाने गाडीतूनच हाक दिली, "येसूचं घर कुठलं गं?"

म्हातारी कंबरेवर हात देऊन सरळ झाली. तिने मॅक्सी दोन्ही हातांनी अंगाशी घट्ट धरली, जशी कुणी उघड्यावर अंघोळ करताना सापडावी.

"मीच हाय, शेठीणबाय."

कमळा गाडीतून उतरली. गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेले तिचे स्वतःचे लुगडे बसून चुरगळले होते. ते तिने हाताने सारखे केले. वाटभर जुळवलेले सगळे बोल तोंडात होते, पण आधी निघाले ते भलतेच.

"हे काय घातलंयस?"

"नातीनं मागवलं. स्नेहानं. मोबाईलवर." येसू खाली बघत होती. "गुडघा वाकत न्हाय आता. लुगडं नेसायचं म्हंजे अर्धी सकाळ जाते. हे डोक्यातनं घातलं का झालं."

"केवढ्याला?"

येसूने सांगितले. एवढ्या पैशात कमळाच्या दुकानात लुगड्याचा नुसता काठ आला असता.

घरात गारवा होता. येसूने दोघींना पाणी दिले, कोपऱ्यातल्या चुलीवर चहा चढवला. आढ्याला दोरीने टांगलेले गाठोडे पूर्वीच्या मदतीने खाली घेतले. वरून प्लास्टिक गुंडाळलेले, आत घडीघडीत निंबाचा पाला. पूर्वीने एकेक लुगडे मांडीवर घेऊन पाहिले. उंदराचा दात नाही, कसरीचे भोक नाही, डाग नाही.

"सगळी आहेत, आजी," ती हळूच म्हणाली. "एकही कमी नाही."

"एकही?" कमळाने येसूकडे पाहिले. "म्हंजे घराबाहेर पडलीसच न्हाय तू?"

"पडले की! उसगावापर्यंत गेले. गुडघा घेऊन गेले." येसूने चहा गाळायला घेतला. "म्हाताऱ्या बाया हात लावून बघतात. चांगलं हाय म्हणतात. आन ठेवून देतात. पोरी तर बघत पण न्हाय. त्यांना पोऱ्या येतो गाडीवर, दारात टाकून जातो."

चुलीजवळ सुक्या मिरच्या एका काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. पूर्वीने तिच्यावरचा कागद वाचला आणि पिशवी उलटी करून ठेवली.

"काय लिवलंय?" कमळाने विचारले.

"काही नाही. पार्सल कुठून आलं ते."

"कुठून?"

"भिवंडी."

"भिवंडीत कुठून, पूर्वी?"

"आपलं शेत होतं ना, आजी... तिथून."

कमळाने कपातला चहा बशीत ओतला, फुंकर न घालताच प्याली. तोंड भाजले असणार, पण तिने ते दाखवले नाही.

येसू दुसऱ्या चहाला दूध आणायला शेजारी गेली तशी पूर्वी जवळ सरकली.

"आजी, ऐक. लुगडी नवीच्या नवी आहेत. मी घेतलेल्या भावानं धरते. पप्पा एवढं खोलात बघणार नाहीत."

"सकाळी तर लई नियम सांगत होतीस."

"सकाळी सांगत होते. आता मीच म्हणतेय ना. नफा दिसेल. दुकान राहील."

कमळाने एक लुगडे उचलले. मालेगावचा माल, लाल काठाचे, जाड सुताचे. धुवायला टाकले तर पहिल्यांदा आखडेल, मग जन्मभर टिकेल. असल्या लुगड्यात तिने भात लावला होता, खाडीवर गेली होती, दीपेशला कमरेवर घेऊन शेताची मोजणी बघितली होती. उघड्या दारातून येसू येताना दिसत होती. एका हातात दुधाचा तांब्या, दुसऱ्या हाताने मॅक्सीचा घोळ उचलून धरलेला. पण चाल मोकळी होती, गेल्या वर्षी दुकानाची पायरी चढताना होती त्याहून मोकळी.

"येसूनं सोडलं," कमळा म्हणाली.

"काय?"

"लुगडं. येसूनं सोडलं तर दुसरी कोण नेसणार हाय?" तिने घडी घातली, काठाला काठ जुळवून. "बाजारात मिळेल तो भाव, असं म्हणालीस ना? हा बघितला बाजार. काय न्हाय लिही."

"काहीच नाही? अगं, मग फक्त हे गाठोडंच नाही. दुकानातली सगळी लुगडी तशीच धरावी लागतील. मोठा तोटा दिसेल. पप्पा मग—"

"तुझ्या बापाशी मी शब्दानं बांधलेय. खोट्या मालावर बसून ऱ्हायला मी काय भिकारीण हाय?" आवाज चढला होता. तिने तो खाली आणला. "लिही, बाय. तुझ्या हातानं लिही. दुसऱ्याच्या हातून नको."

पूर्वीने लॅपटॉप उघडला. बराच वेळ तिची बोटे नुसतीच बटनांवर टेकून होती. मग एकदा टकटक झाली आणि तिने झाकण मिटले.

येसू आत आली. दोघींच्या तोंडाकडे तिने पाहिले. तांब्या ठेवला आणि पसरलेली लुगडी गोळा करून गाठोडे बांधू लागली. पाला झटकून टाकला, प्लास्टिक घडी करून बाजूला ठेवले.

"घेऊन जा, शेठीणबाय. तुमचं तुम्हाला पोचलं. मी सुटले."

"आधी का न्हाय आणून दिलंस? यष्टी बंद होती काय?"

येसूने गाठ मारली, सोडली, परत मारली.

"दोनदा निघाले. एकदा तर नाक्यावर यष्टीत चढले, आन उतरले."

"का गं?"

"हे देऊन टाकलं का मोकळी झाले ना मी. मंग भिवंडीला कशाला यायचं?" ती हसली, पुढचे दोन दात नव्हते. "एवढ्या लांब नुसतं चहा प्यायला कोण येतं? लोक काय म्हणतील? तुमची सून काय म्हणेल?"

बाहेर पूर्वीने गाडीची डिकी उघडली होती. गाठोडे उचलायला ती दारात येऊन उभी राहिली. कमळाने हातानेच तिला थांबवले.

ती खाली बसली. येसूची गाठ सोडली, लुगडी बाहेर काढली. घडीघडीत परत निंबाचा पाला घातला, वरून प्लास्टिक गुंडाळले, आणि आपली गाठ मारली, दुकानातली, जी ओढली की घट्ट होते. मग गाठोडे उचलून तिने येसूच्या मांडीवर ठेवले, नव्हे, टाकलेच. येसूचे दोन्ही हात आपोआप त्याच्याभोवती आले.

"लबाड हायस तू, येसू," कमळा म्हणाली. "जन्माची लबाड. दुकान आता ऱ्हाणार न्हाय. शिमगा झाला का सरळ घरी यायचं, हे गाठोडं घेऊन, हिशोबाला. दर वर्षी. आन यातलं एक जरी लुगडं विकलंस, तर माझ्यासारखी वाईट न्हाय."